उघडा चौक

शिरगावच्या मागची वाडी,
बदलापूर (पूर्व)
३ फेब्रुवारी १९९१

हरिचंद्र,

वर 'दादा' लिहिलेलं नाही आणि पुढे 'सप्रेम नमस्कार'ही येणार नाही, तेव्हा शोधत बसू नकोस. आईने लिहायला सांगितलं म्हणून लिहिते आहे. माझ्यावर असतं तर तुझ्यासाठी पोस्टाचं पाकीटसुद्धा वाया घालवलं नसतं.

राईला भिंत घातलीस. मी नाही, सेठने घातली, असं म्हणशील. विटा सेठच्या, सिमेंट सेठचं, मान्य. पण उल्हासनगरच्या गादीवर बसलेल्या त्या माणसाला काय स्वप्न पडलं होतं, की शिरगावच्या पुढे ओहोळ ओलांडला की वाघोबाची राई लागते आणि तिथली जमीन सपाट आहे? त्याला वाट तू दाखवलीस. मोटारीत पुढच्या सीटवर बसून हाताने दाखवत आलास, ते अख्ख्या वाडीने पाहिलं.

मोजणीवाले आले त्या दिवसाचं मी अजून गिळू शकलेली नाही. त्या माणसाने कागदावरून मान वर न करता विचारलं, इथे देवस्थान वगैरे काही आहे का. त्याला बिचाऱ्याला खरंच माहीत नव्हतं. आणि तू म्हणालास, "देव नाय सायेब, नुसता दगड हाय." आई तुझ्या मागेच उभी होती. मुरुडशेंगा खुडून ओटीत घेऊन आली होती. तुला ती दिसली नाही असं म्हणू नकोस, कारण बोलून झाल्यावर तू आधी तिच्याकडे पाहिलंस आणि मग चपला झटकत मोटारीकडे गेलास.

नुसता दगड. अंबरनाथला एमआयडीसीत प्रेसच्या मशीनने तुझ्या उजव्या हाताची करंगळी खाल्ली, तेव्हा टाके डॉक्टरने घातले हे खरं. जखम चिघळली तेव्हा कारखान्यातलं कोणी आलं होतं का बघायला? राईतल्या मोठ्या बिवल्याचा लाल डिंक आईने त्याच दगडावर उगाळला आणि तुझ्या हाताला लावत बसली. तू रडत होतास. मी शाळा सोडून तुला वारा घालत होते. तेव्हा तो दगड नव्हता, हरिचंद्र. तेव्हा तू त्याला वाघोबा म्हणत होतास आणि बरा झाल्यावर कोंबडं कबूल करत होतास. ते कोंबडंही तू अजून दिलेलं नाहीस.

कारखाना बंद पडला, पोट आहे, पोर आहे, हे सगळं मला कळतं. मजूर पुरवण्याचं काम धरलंस त्यालाही कोणी नाव ठेवलं नाही. पण मजूर पुरवायचे तर दुनियेत दुसरी जागा नव्हती?

भिंतीवर परवा पाटी लागली. 'वनश्री फार्म्स'. वन तोडून वनश्री. माझ्या अंगणवाडीतली पोरंसुद्धा ती ऐकून हसली, आणि त्यांना अजून जोडाक्षरं येत नाहीत.

तुळशी


२४ मार्च १९९१

हरिचंद्र,

तुझा मुकादम सदू सांगायला आलाच असेल, तरी माझ्याकडूनही ऐक. तो अर्धं सांगतो आणि अर्धं स्वतःच्या मनाचं घालतो.

सोमवारी त्याने बबन आणि आणखी माणसं आणली. हातात कोयते, कुऱ्हाडी. सगळी आपलीच माणसं, ठाकरवाडीतली. शिमगा झाला, रानात काम नाही, घरात दाणा नाही, म्हणून आली. त्यांच्यावर मी रागावले नाही. त्या दिवशी नुसतं राईच्या बाहेरचं झुडूप साफ केलं आणि उद्या आत शिरायचं ठरलं.

संध्याकाळी बायका अंगणवाडीत जमल्या. आई, सखूकाकी, काशीकाकी, त्यांच्या सुना, पोरी. कोणी म्हणालं रस्त्यात आडवं पडू, कोणी म्हणालं पोलीस चौकीत जाऊ.  मग आई म्हणाली, "चौक लिव्हूया."

आपल्यात चौक काढत नाहीत, लिहितात, हे तुला माहीत आहे. तरी मुद्दाम लिहिते, कारण तू विसरल्याचं सोंग फार चांगलं करतोस. लग्नघरी भिंतीवर चौक लिहायला घेतला की मांडवाच्या हद्दीत ओल्या झाडाला हत्यार लागत नाही. फांदी नाही, पान नाही. चौक मिटेपर्यंत लग्न उघडं असतं आणि उघड्या लग्नात हिरवं तोडलं तर तोडणाऱ्याच्या घरात पाळणा हलत नाही. बबन शाळेत गेलेला नाही, पण हे त्याला पाठ आहे. तुलाही आहे. आणि चौक मिटतो कधी? नवरीचा भाऊ तांदळाच्या पिठात उजवा हात बुडवतो आणि खालच्या रिकाम्या कोपऱ्यात उमटवतो तेव्हा. दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही. बापाचासुद्धा नाही.

तर मांडव म्हणजे राई. भिंत सेठची. आपल्या बायकांनी इतकी लांब भिंत जन्मात पाहिली नव्हती, सखूकाकी तर खूशच झाली. राहिली नवरी. पोरी खाली बघायला लागल्या. नाव घातलं की चौक मिटेपर्यंत त्या मुलीचं दुसरीकडे लग्न लावता येत नाही, आणि हा चौक मिटवायचाच नाही असं ठरवूनच लिहायचा होता. मग मी म्हटलं, माझं नाव घाला.

सखूकाकी म्हणाली, हिला तर भाऊ आहे, उद्या येऊन हात लावला तर? त्यावर सगळ्या हसल्या. मीही हसले. तुझ्यासारखा भाऊ असण्याचा हा एवढा एकच उपयोग झाला आणि तोही तू न येण्यामुळे.

पहाटे उजाडता उजाडता आम्ही भिंत शेणाने सारवली, वर गेरू चढवला आणि लिहायला घेतलं. मधे देवी, चार बाजूंनी नक्षी, आणि नक्षीच्या बाहेर आईने राई लिहिली. झाड म्हणजे नुसतं झाड नाही. मुरुडशेंग जशी पिळवटलेली असते तशी पिळवटलेली. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा सुट्या लोंबणाऱ्या आणि काळ्या कुड्याच्या टोकाला चिकटलेल्या, म्हणजे पोरींनी चुकीची साल काढून आणायला नको. आईची आई तिला असंच भिंतीवर शिकवायची. आपल्याकडे औषधाचं पुस्तक नाही म्हणून तू एकदा मला चिडवलं होतंस. आता ये आणि वाच.

बबन आला, भिंत बघितली, कोयता कमरेच्या आकडीला अडकवला आणि सदूला म्हणाला, "लगीन उघडं हाय. आमी नाय तोडनार." बाकीचे त्याच्या मागून गेले. सदू आम्हाला शिव्या देत राहिला, पण स्वतः त्यानेही कुऱ्हाड उचलली नाही. तोही ठाकरच ना शेवटी.

लग्नपत्रिका समज हवी तर. येऊ नकोस.

तुळशी


११ मे १९९१

हरिचंद्र,

बाहेरून माणसं आणवलीस. हुशार आहेस. त्यांना आपला वाघोबा माहीत नाही, चौक माहीत नाही, म्हणून ती तोडतील असा तुझा हिशेब. त्यांनी दोन साग पाडलेही. आम्ही भिंतीशी बसून राहिलो आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यांना आमची भाषा कळत नव्हती तेच बरं.

मग ती माणसं ओहोळाचं पाणी प्यायली. उन्हाळ्यात तिथलं पाणी आपण गुरांनाही दाखवत नाही, पण त्यांना सांगणार कोण? तुझ्या सदूने त्यांना पाण्याचा एक पिंपसुद्धा ठेवलेला नव्हता. सगळ्यांना हगवण लागली. एक तर उठून बसू शकत नव्हता. सदू पळाला. आईने मला कुड्याची साल आणायला राईत पाठवलं. मी म्हटलं, मरू देत, झाडं पाडायला आलेत. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गेले. नेहमीसारखी उगवतीच्या बाजूची साल घेतली, पण चौक उघडा म्हणून हत्यार न लावता, सुटलेली तेवढीच, आणि बुंध्याशी चिमूटभर तांदूळ ठेवले. आई त्यांना काढा देत राहिली.

त्यांचा मोठा माणूस उठून बसायला लागल्यावर त्याने विचारलं, कोणत्या झाडाचं आहे हे. आईला हिंदी येत नाही. तिने त्याला हाताला धरून भिंतीपाशी नेलं आणि लिहिलेल्या कुड्यावर बोट ठेवलं, मग आत नेऊन खरा कुडा दाखवला. त्याने सालीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "अम्मा, ये पेड़ हम नहीं काटेंगे." बाकीची कापू असं त्याने म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी बोचकी बांधून सगळे निघून गेले. त्यांची मजुरी सेठने दिली की नाही ते तुला माहीत.

आणि एक गंमत ऐक. सेठबरोबर एक गॉगलवाला येऊन गेला, बंगल्यांचे नकाशे काढणारा. त्याला चौक फार आवडला. म्हणाला, हेच आम्हाला गेटवर पाहिजे, पण देवी नको आणि झाडांचा एवढा पसारा नको, फक्त नाचणारी माणसं काढा, गोल गोल. काशीकाकीने विचारलं, ती कोणाच्या लग्नात नाचतायत? तो हसला. त्याला वाटलं तिने विनोद केला.

रविवारी आम्ही रानातली औषधं घेऊन उल्हासनगरला कॅम्प चारच्या बाजारात बसलो होतो, तुझ्या खोलीच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. तू आला नाहीस. द्रौपदीवहिनी आल्या. मुरुडशेंग आहे का, म्हणाल्या. पोराच्या पोटात मुरडा येतो, डॉक्टरच्या औषधाने थांबत नाही. माझ्या डोळ्याला त्यांनी डोळा दिला नाही. आईने शेंगा निवडून दिल्या आणि कशा उगाळायच्या ते सांगितलं. पैसे घेतले नाहीत. त्या गेल्यावर शेजारची सिंधी म्हातारी, नेहमी आपल्याकडून उपळसरीची मुळं घेते ती, तिने विचारलं, "तुम्हारी बहू है?" आई हो म्हणाली. 

तुझ्या पोराच्या पोटाचं औषध ज्या झुडपावर आहे ते भिंतीच्या आत पहिल्याच ओळीत आहे. गेटचा रस्ता तिथूनच जायचा आहे ना?

तुळशी


१७ नोव्हेंबर १९९१

हरिचंद्र,

इतक्या पत्रांना एक उत्तर आलं, तेही पोस्टकार्डावर, म्हणजे पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचलेलं. "तुळशी, हट्ट पुरे. वय निघून चाललं. लग्न कर." सही नाही, पत्ता नाही. पण तुझा तो लांब शेपटीचा ळ मी ओळखते.

माझ्या वयाची काळजी तुला कधीपासून? आणि हट्ट कोणाचा? मी कोणाच्या दारात जाऊन बसले नाही. देवाच्या दारात कोणी भिंत घातली, तिच्यावर माझं नाव आहे, एवढंच. सेठ खटपट करतो आहे, आम्हीही कचेरीत अर्ज दिला आहे, राईची नोंद करून घ्या म्हणून. तिथले साहेब वाईट नाहीत. मोजणी पुन्हा होईल म्हणतात. ती होईपर्यंत झाडं उभी राहिली पाहिजेत. एकदा तोडली की कशाची नोंद करणार?

वहिनींनी किसनचं तुला सांगितलं असणार. बाजारात त्याला माझ्याशी बोलताना त्यांनी पाहिलं होतं. तर हो. वांगणीचा आहे, एमआयडीसीत वायरमन आहे, शिफ्ट सुटली की सायकलवर इकडे येतो आणि भिंतीच्या या बाजूला बसतो. चौक लिहायच्या आधीपासून बोलणं चाललं होतं. मी नाव घातलं तेव्हा त्याला विचारलं नव्हतं. त्याने नंतर एवढंच विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, माहीत नाही. थांबतो म्हणाला. त्याची आई थांबायला तयार नाही, तिने दुसऱ्या मुली बघायला सुरुवात केली आहे. मला त्याचं काही वाटत नाही.

मला त्याचं काही वाटत नाही, हे मी आधी एकदा लिहून खोडलं होतं. आता दोनदा झालं. राहू दे.

पावसात भिंतीवरचा गेरू धुऊन गेला होता. आम्ही दिवाळीत पुन्हा लिहिला, आणि या वेळी वांगणीकडच्या वाड्यांतल्या बायकाही आल्या. प्रत्येकीला आपल्याकडचं एकेक झाड माहीत, ते आपल्याला माहीत नाही. सासूला माहीत असलेलं सुनेने कधी विचारलेलं नव्हतं, ते भिंतीपाशी बसून विचारलं. चौकाची नक्षी आता पाटीच्याही पुढे गेली आहे. माझी पोरं दुपारची खिचडी खाऊन तिथे जातात आणि झाडांची नावं म्हणतात. आई म्हणते, तिच्या उमेदीतसुद्धा एवढी राई कोणी भिंतीवर पाहिली नव्हती. खालचा एक कोपरा सोडला तर चौकात कुठे जागा नाही.

तो कोपरा रिकामा आहे आणि रिकामाच राहणार. माझी काळजी करू नकोस. तुला इतकी वर्षं जमलं आहे ते.

तुळशी


१९ मार्च १९९२

हरिचंद्र,

काय केलंस तू. काय केलंस.

काल तहसील कचेरीत बोलावलं होतं. वाडीतल्या सगळ्या बायका गेलो, कारण साहेबांनी म्हटलं होतं जास्त जणी आल्या तर बरं. भिंतीपाशी एकटी आई राहिली. तिला आता नीट दिसत नाही, गर्दीत चालवत नाही. मी तिला म्हटलं, तू बस, तुझ्या अंगावरून कोणी जाणार नाही.

कचेरीत पहिल्यांदा आमचं कोणी शांतपणे ऐकलं. काशीकाकीने तर साहेबांना टेबलावर बोटाने चौक काढून दाखवला. परत येताना आम्ही स्टेशनापासून गात आलो. ओहोळापाशी आलो तर कुऱ्हाडीचा आवाज. मला वाटलं बाहेरची माणसं आली. धावत गेले तर बबन.

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. त्याने ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "तुजा चौक मिटलाय, तुळशे. भावाचा हात लागलाय. लगीन उरकलं."

खालच्या कोपऱ्यात हात होता. पांढरा. पिठाचा ओघळ खाली येऊन वाळला होता. चार बोटं.

सेठने माणसं पाठवली असती, पोलीस आणले असते, बुलडोझर आणला असता, तर मी पुढे आडवी झाले असते. तू पिठात हात बुडवून आलास. अख्ख्या दुनियेत ज्याच्या हाताने हे होऊ शकत होतं असा एकच माणूस होता आणि तो ज्या दिवशी यायचा नव्हता नेमका त्या दिवशी आला.

बिवला पाडला. मोठा. तुझ्या हाताला ज्याचा डिंक लावला होता तो. सदूने हात बघताच माणसं आणली आणि आधी तोच दाखवला, लाकूड चांगलं म्हणून. बिवला तोडला की लाल गळतं, तुला माहीत आहे. बुंध्यापासून मुरुडशेंगेच्या झुडपांपर्यंत माती लाल झाली होती. सखूकाकी तिथेच खाली बसली. बबनचे हात कोपरापर्यंत लाल होते आणि तो ते बघून घाबरला होता, पण म्हणत होता, चौक मिटलाय ना, माझी काय चूक. त्याची चूक नाही. त्याने नियम पाळला. तूही नियमच पाळलास. नियमाने मारलंत तुम्ही मला.

सेठने किती दिले?

सांगू नकोस. ऐकायचं नाही मला. आईला विचारलं, कोण आलं होतं. म्हणाली, दिसलं नाही. पिठाचं भांडं भिंतीपाशी राखणीला बांधलेल्या झोपडीच्या आत ठेवलेलं असतं. तुला ते कोणी दिलं, हे मी तिला विचारलेलं नाही. अजून विचारलेलं नाही.

पुन्हा वाडीत पाय ठेवू नकोस.

तुळशी


१२ एप्रिल १९९२

दादा,

हा शब्द रागाने लिहिला आहे. राग गेलेला नाही, तेव्हा गैरसमज करून घेऊ नकोस. पण शिवी द्यायची तरी समोरच्याला काहीतरी म्हणावं लागतं आणि मला तुझ्यासाठी दुसरा शब्द सापडत नाही.

काल बाजारात वहिनी आल्या आणि या वेळी समोर बसल्या. म्हणाल्या, यांनी सेठचं काम हात उमटवायच्या आदल्याच दिवशी सोडलं होतं. किसनच्या आईने मुलगी पसंत केल्याचं कळलं तेव्हापासून हे जेवत नव्हते. म्हणाले, माझ्यामुळे बहीण घरात बसली, मी जाऊन तिला सोडवतो. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गेले. परत आले ते रडत आले, पण चांगले रडत आले.

हे ऐकून मला काय झालं ते तुला कसं सांगू? सेठने केलं असतं तर मी जन्मभर शिव्या देऊ शकले असते. पैशासाठी केलं असतंस तरी. तू मायेने केलंस. त्यावर आता मी काय करू? मला सोडव असं मी तुला कधी म्हटलं होतं? मी अडकलेली नव्हते. मी धरून उभी होते. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. तू जवळ येऊन एकदा विचारायचं होतंस.

घरी येऊन शेवटी आईला विचारलंच. पीठ तूच दिलंस ना. तिने उपळसरीच्या मुळांची जुडी बांधून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "पावलांवरनं वळखला मी त्याला. भित परत लिव्हता येल, तुळशे. पोरगा परत आला नसता."

मी म्हटलं, आणि बिवला?  ती उठून राईत गेली आणि खोडापाशी बसली. बुंध्याला फुटवे येतील म्हणते. रोज हाताने चाचपते. अजून आलेले नाहीत. तुला ही सगळी पत्रं लिहायला तिने कधीच सांगितलं नव्हतं, हेही आता सांगून टाकते. ती मला नेहमी विचारायची, काय लिहितेस एवढं? मी म्हणायचे, अंगणवाडीचं.

आता पुढचं. बिवला पडला त्याच संध्याकाळी, बबनच्या हातांचा लाल रंग निघालेला नसताना, गंगू पुढे आली. जनूकाकाची पोर, तुझ्या लक्षात असेल, बाप गेला तेव्हा रांगत होती. आता माझ्या अंगणवाडीत मदतनीस आहे. म्हणाली, माझं नाव घाला. मी नाही म्हटलं. मी तिच्यावर ओरडले. मी माझं घातलं ते माझं होतं, दुसऱ्या पोरीचं आयुष्य मी भिंतीवर लावणार नाही. ती म्हणाली, "ताई, ज्याला थांबवंल तोच माजा नवरा." आणि मग म्हणाली, "आन मला भाऊ नाय."

 भाऊ नसलेल्या मुलीचा रिवाज तुला माहीत आहे. वाडीतला प्रत्येक पुरुष तिचा भाऊ लागतो. कोणाचाही हात चालतो. सखूकाकी म्हणाली, अगं, मग तर एका दिवसात मिटेल. गंगू म्हणाली, "मंग समद्यांनीच हात आवरायचा."

त्याच संध्याकाळी माझ्या चौकाच्या पुढच्या भिंतीवर गेरू चढवला. बबन दुरून बघत होता. त्याला बोलावून सांगितलं की आजपासून तू गंगूचा भाऊ आहेस. तो हातांकडे बघायला लागला. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच भिंतीपाशी येऊन बसतो. वाडीतले बाकीचे पुरुष तिथून जाताना हात मागे बांधून जातात. हसू येतं बघून, पण कोणी हसत नाही. आतापर्यंत आम्ही बायकाच राई धरून होतो, आता तेही त्यात आले. सेठची माणसं दोनदा येऊन गेली. मजूर मिळत नाहीत. मोजणीची तारीख लागली आहे. काय होईल ते माहीत नाही.

गंगूच्या चौकात आईने बिवला लिहिला आहे, मोठा, पूर्वी होता तसा. तिला दिसत नाही म्हणून मी तिचा हात धरला होता. बुंध्यापाशी तिने काडी बाजूला ठेवली आणि गेरूत बोट बुडवून पांढऱ्या खोडावरून खाली लाल ओघळ काढला. असा चौक मी पूर्वी पाहिलेला नाही.

माझा चौक आम्ही पुसला नाही. मिटलेला चौक पुसत नाहीत, आपोआप जाईपर्यंत ठेवतात. पोरं विचारतात, बाई, हा चार बोटांचा हात कोणाचा. मी अजून सांगितलेलं नाही. काय सांगू ते ठरत नाही.

किसन थांबला होता. त्याच्या आईने पसंत केलेल्या मुलीला त्याने स्वतः जाऊन नाही म्हणून सांगितलं. अक्षयतृतीयेला राईत लग्न आहे, भिंतीच्या आतल्या बाजूला, वाघोबासमोर. नवा चौक लिहायचा नाही, माझा मिटलेलाच आहे. तुझ्या हाताने मिटलेला. एकाच भिंतीवर माझं लग्न लागेल आणि गंगूचं उघडं राहील.

लग्नाला ये. वहिनींना आण, पोराला आण, मुरुडशेंगा घेऊन जा. वाघोबाचं कोंबडं राहिलेलं आहे, ते घेऊन ये. मी तुझ्याशी बोलेन की नाही ते सांगत नाही. आईपाशी बस, ती पावलांवरून ओळखेल.

पण आता तूही गंगूचा भाऊ लागतोस, दादा. तेव्हा ओहोळ ओलांडलास की हात खिशात घाल, आणि परत जाईपर्यंत काढू नकोस.

तुळशी